म्हाताऱ्या इंजिनाचं नाव-गाव

लेकीकडे कायमचे राहायला आले तेव्हा सासऱ्यांनी दोनच गोष्टी आणल्या होत्या: एक पत्र्याची ट्रंक आणि एक इंजिन. ट्रंक त्यांच्या पलंगाखाली गेली. इंजिन हमालांनी कसंबसं गॅरेजात ठेवलं आणि तिथली स्कूटर तेव्हापासून उन्हापावसात उभी राहिली. नौदलाच्या ज्या गस्ती बोटीवर सासऱ्यांचं उभं आयुष्य गेलं, ती मोडीत निघाल्यावर तिचं इंजिन म्हणून त्यांनी ते भंगारवाल्याकडून विकत घेतलं होतं. घरात त्याला सगळे ‘म्हातारं’ म्हणत. (सासऱ्यांच्या माघारी, अर्थात.)

एके दिवशी बायकोने जाहीर केलं, “गॅरेजात वॉशिंग मशीन येणार. म्हाताऱ्याचं काय करायचं ते बघा.”

“भंगारात?”

“बाबांना काय वाटेल? एखाद्या संग्रहालयात मानाने जाऊ दे. पण ते नक्की आहे काय, ते तरी आधी शोधा.”

“शोधतो की,” जावई म्हणाले. (हे दोन शब्द गिळले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.)

जावई एका कचेरीत हेडक्लार्क. जगातल्या प्रत्येक वस्तूला नंबर असतो आणि नंबर सापडला की वस्तू मुठीत येते, ही त्यांची नोकरीत मुरलेली श्रद्धा. सासऱ्यांना विचारायचं मात्र त्यांच्या जिवावर आलं. सासरे एकदा इंजिनावर हात ठेवून म्हणाले होते, “आम्ही कैक वर्षं एकत्र काढली.” अशा माणसाला ‘हे कुठलं हो इंजिन?’ विचारायचं म्हणजे स्वतःच्या अकलेची दवंडी पिटायची.

म्हणून त्यांनी गुपचूप रंग खरवडायला घेतला. करड्या रंगाचे थरांवर थर. पॉलिशपेपर झाला, तारेची घासणी झाली, शेवटी बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर संपलं, तेव्हा एक पितळी पट्टी उजळली. नंबर! जुन्या यंत्रांची माहितीपुस्तकं विकणारा एक गृहस्थ त्यांनी हुडकला, त्याला नंबर कळवला आणि जाडजूड पुस्तक घरी आलं.

पुस्तकातल्या इंजिनाला सहा सिलिंडर होते, गॅरेजातल्याला चार. उरलेले दोन गेले कुठे म्हणून हेडक्लार्कांनी वाकून इंजिनाखालीही पाहिलं. मग मुकाट्याने पुन्हा फोन लावला.

“तो नंबर इंजिनावर बसवलेल्या डिझेल पंपाचा हो!” पुस्तकवाला हसत सुटला. “माणसाचं नाव विचारलं तर तुम्ही त्याच्या घड्याळाची कंपनी सांगितलीत. खरा नंबर धडावर ठोकलेला असतो. बरं, तब्येत कशी आहे त्याची?”

हेडक्लार्क खुलले. “म्हातारं तसं दणकट आहे... नाही, जागचं हलत नाही... खालून गळतं थोडं... हिला नकोय हो ते, जागा अडते म्हणते. कुणी नेणारं असेल तर येऊन बघून जा म्हणावं.”

फोन ठेवून ते वळले. दारात सासरे उभे होते. पायात बूट, हातात ट्रंक.

“कधी येणार आहेत?”

“कोण?”

“मला न्यायला.” सासऱ्यांचा आवाज अगदी सरळ होता. “हलत नाही म्हणालात, पण मी रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. आणि ते गळण्याचं... एकदाच झालं होतं. वय आहे.”

“बाबा, अहो, मी इंजिनाबद्दल बोलत होतो!”

“इंजिनाला म्हातारं कोण म्हणतं?”

“आम्ही सगळे.”

“आणि मला काय म्हणता?”

“बाबा. फक्त बाबा,” बायको स्वयंपाकघरातून धावत येत म्हणाली. तिने ट्रंक हिसकावून घेतली आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की गॅरेजात आता वॉशिंग मशीनऐवजी आपलीच सोय होणार, हे त्यांनी ओळखलं.

“चुकलो,” ते म्हणाले. “तुम्हालाच विचारायला हवं होतं.”

“मला?” सासरे खाली बसले. बुटांच्या नाड्या सोडू लागले. “मला काय माहीत? मी बोटीवर स्वयंपाकी होतो. इंजिनरूममध्ये मला पाऊलही टाकू देत नसत. माझी झोपायची जागा बरोबर त्याच्या वर होती, एवढंच. मी त्याला फक्त ऐकलंय.”

लेक थक्क झाली. “तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तुम्ही मला आल्या-गेल्याला इंजिनवाले म्हणून सांगायचात. बरं वाटायचं.”

मग सासरे उठले, मूठभर पीठ घेऊन गॅरेजात गेले आणि इंजिनाच्या अंगावर चोळत सुटले. एका जागी ठोकलेल्या खाचांत पीठ भरलं आणि पांढरे आकडे उमटले. जावई ते मोठ्याने वाचत होते, सासरे पुन्हा म्हणत होते. एका छताखाली राहूनही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम.

खरं पुस्तक आलं. त्यातल्या चित्राशी बोल्ट अन् बोल्ट जुळला. पुस्तकवाल्याने बोटींचा एक मेकॅनिक धाडला, त्याने नळ्या बदलल्या, पिंपातून पाणी जोडलं. “धुराच्या नळीसमोर उभे राहू नका, पाणीही तिथूनच बाहेर पडतं,” तो म्हणाला. हेडक्लार्क लगबगीने बाजूला झाले, नेमके नळीसमोर. इंजिन दोनदा खोकलं, गरजलं आणि वाळत घातलेल्या चादरींसकट त्यांना काळ्या पाण्याने न्हाऊ घातलं.

सासरे डोळे मिटून ऐकत होते. इंजिन थांबल्यावर सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

“हे नव्हे,” ते म्हणाले. “भंगारवाल्याने दुसऱ्याच बोटीचं गळ्यात मारलं.”

“फार वाईट झालं, बाबा,” काळेठिक्कर जावई मनापासून म्हणाले.

“वाईट कसलं? त्या आवाजाशिवाय मला झोप नसे, म्हणून हे घेतलं. इथे आल्यापासून मात्र छान लागते. मला वाटायचं, हे जवळ आहे म्हणून. आता उलगडा झाला.” त्यांनी जावयाकडे मायेने पाहिलं. “तो आवाज आपल्या दोन खोल्यांमधल्या भिंतीतून येतो. आधी घरघर, मग बंद पडल्यासारखा, मग शिट्टी मारून पुन्हा सुरू. हुबेहूब!”

इंजिन संग्रहालयात गेलं, वॉशिंग मशीन आलं. हेडक्लार्कांना आता कुशीवर वळायची बंदी आहे. चुकून वळलेच, तर पलीकडून भिंतीवर टकटक होते आणि काळजीचा आवाज येतो, “काय हो, बंद पडलं का?”