कोशिंबीर नव्हे, सालाड

"बेळगावच्या त्या साहेबवेड्या म्हाताऱ्याने पहिल्याच आखाडाला जावयापुढे शिळ्या कोंबडीची कोशिंबीर वाढली, जावई डोळे पुसत ताटावरून उठला आणि बायकोला माहेरीच टाकून निपाणीला परतला."

ही हकिकत माझा पुतण्या परवा शहापुरातल्या एका लग्नाच्या पंगतीत सांगत होता. पुतण्या वकील आहे, आवाज खणखणीत आहे, आणि ऐकणारे हातातली जिलबी हातातच ठेवून हसत होते. या हकिकतीत अडचण एवढीच, की तो जावई मी आहे. पुतण्याचा त्या वेळी जन्मही झालेला नव्हता. मी उठलो नाही. बायकोला टाकले नाही. कोंबडी शिळी नव्हती आणि जे वाढले ती कोशिंबीरही नव्हती. राहता राहिला म्हाताऱ्याच्या साहेबवेडाचा मुद्दा. तेवढा मात्र नीट तपासला पाहिजे, कारण त्या बाबतीत मीही एके काळी पुतण्याइतकाच मूर्ख होतो.

माझे सासरे, म्हणजे मामा, खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत राहत. कॅम्पातल्या गोऱ्या पलटणीला धान्य पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे ते कारकून होते. पलटणीच्या मुदपाकखान्यातल्या गोवेकर आचाऱ्याशी त्यांची दोस्ती जमली आणि त्या दोस्तीतून हे खूळ घरात शिरले. दर रविवारी मामा धोतराचा काचा मारून परसातल्या चुलीपुढे बसत. कोंबडी मिठाच्या पाण्यात शिजवायची, निथळायची, ओल्या फडक्याखाली झाकायची आणि मग नुसते बसून राहायचे. कोणी घाई केली की एकच उत्तर येई, "गार हूं दे!" हेच उत्तर ते भांडणाऱ्या शेजाऱ्यांना देत, तापलेल्या मालकाला देत. गल्लीतल्या गवताच्या गंजीला आग लागली तेव्हाही ते हेच बोलले असे सांगतात. ते खोटे आहे. त्या दिवशी ते परगावी होते.

कोंबडी गार झाली की मामा अडकित्ता काढीत. होय, सुपारीचाच. हाडे काढून टाकलेल्या मांसाचे ते अडकित्त्याने एकसारखे तुकडे करीत. तंगडी कुठली, ऊर कुठले, काही ओळखू येऊ नये असे. त्यानंतर प्रकार. फेसलेल्या मोहरीचे सालाड, जे नाकातून थेट मेंदूत जाई. दही आणि काकडीचे सालाड. कांद्याची पात, लिंबू आणि ओल्या खोबऱ्याचे सालाड. शेंगदाण्याचे कूट आणि कैरीचे एक सालाड, ज्याला गोवेकर आचाऱ्याने हात जोडून आपली मान्यता नाकारली होती. या सर्वांना कोशिंबीर म्हणणाऱ्याशी मामा दोन दिवस बोलत नसत.

सर्वांत भयंकर प्रकार अंड्याच्या बलकाचा. बलक घोटता घोटता त्यात तेलाची बारीक धार सोडायची आणि लोण्यासारखे दाट करायचे. माणसाच्या बोलण्याने ते फुटते, असा मामांचा सिद्धान्त होता. म्हणून घोटणे चालू असताना घरात मौन पाळले जाई. माझ्या लग्नाचा शालू घेऊन आलेल्या शहापूरच्या विणकराला त्यांनी ओठांवर बोट ठेवून उंबऱ्याबाहेर उभे केले. बिचाऱ्याला वाटले, घरात कोणी गेले. त्याने पागोटे काढून काखेत धरले आणि डोळ्यांत पाणी आणले. इतक्यात परसातून आरोळी आली, "फुटलं! फुटलं ग बाई!" आणि तो शालू ठेवून पळाला.

असे हे गृहस्थ. "साहेब असंच खातात" हा त्यांचा शेवटचा मुद्दा, आणि त्यापुढे वाद नाही. कॅम्पात ज्यांनी साहेबाला लांबूनच पाहिले होते ते गल्लीतले लोक त्यांना 'गोरे कारकून' म्हणत. माझ्याही मनात त्यांच्याविषयी तितकाच आदर होता.

आता त्या आखाडाची गोष्ट. लग्न होऊन तीन महिने झाले होते. माझी पत्नी महिनाभर माहेरी होती आणि तिला आणण्यासाठी मी आमचे चुलते तात्या यांच्यासह निपाणीहून बैलांच्या दमणीतून निघालो. संकेश्वरला मुक्काम करून, पावसात भिजून, कुडकुडत आम्ही बेळगावात पोचलो. तात्यांची तंबाखूची वखार होती आणि मिशा वखारीला शोभणाऱ्या होत्या. वाटेत ते फक्त रश्श्याविषयी बोलले. आखाडात जावयाला उकळता रस्सा आणि ताटात तंगडी, हा आमच्याकडचा मान. त्यात कसूर म्हणजे अपमान.

पंगत बसली. मामांच्या वृद्ध मातोश्री नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर पहाऱ्याला होत्या. आधी पुरुष, मग पोरे, मग लेकी, आणि सून, म्हणजे मामी, सर्वांत शेवटी; यात त्यांच्या हयातीत एका घासाचाही फरक पडला नव्हता. आमच्या ताटांत भाकरीशेजारी मोहरीचे सालाड आले. तात्यांनी एक तुकडा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"काय वं हे? सकाळचं हाय काय?"

"सकाळचं न्हाय, तात्यासाहेब. गार केलंय."

"गार केलंय? चूल विझलती व्हय?"

"साहेब असंच खातात."

"मग साहेबालाच जावई करून घ्यायचा हुता की! आमच्या पोराला कशाला फशिवला?"

या वेळी माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, हे पुतण्याचे म्हणणे खरे आहे. मी मोठा घास घेतला होता. ज्यांनी फेसलेली मोहरी खाल्ली आहे त्यांना अधिक सांगायला नको; ज्यांनी खाल्ली नाही त्यांनी माझ्या भावनांविषयी बोलू नये.

तात्यांनी मार्ग काढला. "आत ठेवलंय ते समदं आणा. पातेल्यात घाला, तिखट टाका, रस्सा करा. आम्ही थांबतो."

मामांचा चेहरा मी तेव्हा प्रथमच पाहिला असे म्हणायला हरकत नाही. त्यांनी स्वतःचे ताट उचलून तात्यांच्या पुढे सरकवले. "माझं घ्या. ह्याचा करतो रस्सा. आतलं न्हाय काढायचं."

"का न्हाय?"

"वाढून झालंय ते."

"कुणाला?"

मामांनी दाराशी बसलेल्या आईकडे पाहिले आणि मान खाली घातली. "साहेब असंच खातात," ते पुटपुटले.

तात्या उठले, हात धुतले आणि ओसरीवरून ओरडले, "चल रं! पोरगी ऱ्हाऊ दे हितंच. सालाड खाईल जन्मभर."

मी उठलो असतो तर माझी पत्नी माहेरी राहिली असती. तात्यांचा शब्द आमच्या घरात कोणी मोडत नसे, आणि एकदा राहिलेली मुलगी परत केव्हा येते हे सांगणे कठीण. आतल्या बाजूला बांगड्यांचा आवाजही थांबला होता. मामा हात जोडून उभे होते, पण आतले पातेले आणायला काही हलत नव्हते. एका इंग्रजी खुळापायी पोटच्या पोरीचा संसार पणाला लावणारा हा माणूस मला त्या क्षणी शुद्ध गाढव वाटला. मी बसून राहिलो ते त्यांच्यावरच्या प्रेमाने नव्हे. मी वीस वर्षांचा होतो, भुकेला होतो आणि बायको मला आवडत होती. तात्या दमणी जुंपून एकटे गेले आणि पुढे चार वर्षे माझ्याशी बोलले नाहीत. त्या चार वर्षांत त्यांनी जे सांगितले, तेच आज पुतण्या सांगतो.

मी जेवलो आणि माजघरात टेकलो. स्वयंपाकघराचे दार समोर होते. पोरे जेवली, लेकी जेवल्या आणि शेवटी मामी बसल्या. एव्हाना दुपार कलली होती. फडके बाजूला झाले आणि त्यांच्या ताटात सालाड आले. तेच तुकडे, त्याच आकाराचे, माझ्या ताटात होते तितकेच, आणि तितकेच ताजे. मामी सावकाश खात होत्या. मध्येच मोहरी नाकात गेली तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि लेकीही हसल्या. मामा परसात अडकित्ता पुसत बसले होते. ते दाराकडे पाहत नव्हते.

आमच्या घरीही आई शेवटी जेवत असे. तोवर रश्श्यावर चरबीचा थर धरलेला असे आणि पातेल्यात मान उरलेली असे. आईला कोंबडीची मानच आवडते, असे मी वीस वर्षे समजत होतो.

दुसऱ्या दिवशी पत्नीला घेऊन टांग्याने निघण्यापूर्वी मी मामांना गाठले. "मामा, मामींसाठी गार करता, व्हय न्हवं?"

ते असे दचकले, जणू मी त्यांचा खिसाच कापला. "कुणी सांगितलं? साहेब असंच खातात, जावईबापू. पंगतीत बायकूला आदी बसवली तर आई जेवायची न्हाय, आन गल्ली बायकूलाच हसंल. साहेबावर ढकललं की मला हसत्यात." एवढे बोलल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी पुन्हा घाईघाईने साहेबाचे नाव घेतले आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. पुन्हा हा विषय त्यांनी आयुष्यात काढला नाही.

ही कबुली ऐकणारा मी एकटाच होतो, म्हणून वकीलसाहेब ती पुराव्यात धरत नाहीत. "काका, तुम्ही रंगवता. म्हाताऱ्याला साहेबाचीच हौस होती," असे ते चारचौघांत म्हणाले. ठीक आहे. माझा शब्द बाजूला ठेवा. मामांच्या मातोश्री गेल्या, त्यानंतर काही वर्षांनी मामीही गेल्या. गोवेकर आचारी कॅम्पातच होता, साहेबही होता, परसात कोंबड्याही होत्या. मी दर आखाडाला तिथे जात होतो, तेव्हा पुढचे मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. मामींच्या मागे मामा अकरा वर्षे जगले, आणि त्या अकरा वर्षांत त्यांनी सालाड एकदाही केले नाही.