लवूच्या दोन थापा

आचऱ्याच्या नाट्यमंडळाची तालीम तिसऱ्या अंकात अडकली. साल दोन हजार तीन. पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यामुळे नटांना वेळच वेळ. नाटक प्रेमाचं आणि विनोदी. मित्रमंडळी नायकाला सांगतात, ती तुझ्यासाठी झुरते; नायिकेला सांगतात, तो तुझ्यासाठी झुरतो. दोन्ही थापा, आणि तेवढ्यावर दोघं खरोखरच प्रेमात पडतात.

दिग्दर्शक अजयमास्तरांना हे पटेना. "असां खोटां सांगान खंय प्रेम जमता? लोक हसतीत आमका."

भिंतीला टेकलेला सत्तरीचा लवू ताठ बसला. जन्मभर लग्नं जुळवलेला माणूस. त्याला हा आपल्या कलेचा अपमान वाटला.

"कोण म्हणता जमणा नाय? मी जमवलंय! ह्यो बघा, समोर बसलो आसा सत्यवान. ह्येका सांगितलंय, तोंडवलीच्या हौसान तुका जत्रेत बघल्यान आणि चार दिस अन्नाक शिवाक नाय. हौसाक सांगितलंय, तू नाय म्हटलंस तर तो बांयत उडी घालतलो. दोनय थापा! एकोणतीस वर्सां झाली, संसार चल्लो हा मां?"

सगळे खो खो हसले, म्हणून सत्यवानही हसला. तेवढ्यात दारात किटली आपटली. तालमीला चहा घेऊन आलेली हौसाबाई तिथे उभी होती.

दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात मासे विकणाऱ्या यशोदाने विहिरीवरून चिडवलं, "हौसा, ती बांय किती खोल होती गो?" मास्तरांनी तर कहर केला. "काकीक घेवन तालमीक येवा, तुमका बघान हिरो-हिरोइनीक काम जमात," असा सत्यवानला निरोप धाडला. गावाची करमणूक झाली आणि या नवराबायकोतलं बोलणं बंद झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी, पानावर बसताना, सत्यवानला राहवेना.

"तू चार दिस उपाशी नाय रवलंस?"

"मी कित्याक उपाशी रवतलंय? तेव्हा बापाशीक सुरमय गावली होती. दोन टायम जेवलंय."

"आणि मी तुज्यासाठी मुंबैची गोदीतली चालून इलेली नोकरी सोडलंय! म्हटलंय, ह्यां चेडू परत उपाशी रवात, मरात!"

"आणि तुमी बांयत उडी घालतलास, तां?"

"माका पोवाक येता! मी बांयत बुडान मरतलंय कसो?"

"तां माका तेव्हाच कळलां," हौसाबाई भात वाढत म्हणाली. "दर्यार जाणारो माणूस बांयत मरता काय?"

सत्यवानचा हात थांबला. "मगे इलंस कित्याक?"

"आमी सात भावंडां. जेवलंस काय, म्हणान माका कोण इचारी नाय. माज्यासाठी कोण येवढां खोटां बोलता, तांच बरां वाटलां."

सत्यवानला फार वाईट वाटलं. दोघं फसले असते तर निदान बरोबरी झाली असती. इथे फसला होता तो एकटाच. आपल्यासाठी उपाशी राहिलेल्या एका मुलीवर त्याने एकोणतीस वर्षं जीव टाकला होता, आणि ती मुलगी मुळी नव्हतीच.

"म्हणजे माज्यासाठी तू एक दिस पण उपाशी रवाक नाय," तो हळूच म्हणाला.

"रवलंय."

"कधी?"

"तुफानाच्या वर्साक. तुमची होडी तीन दिस इली नाय, तेव्हा."

"माका कधी बोल्लंस नाय?"

"तुमी इलास, पानार बसलास आणि पयलां म्हणालास, आमटी अळणी आसा." तिने पदराने डोळे पुसले. "मगे मी काय बोलतलंय?"

खोट्या उपासाचं कौतुक सत्यवानने गावभर सांगितलं होतं. खरा उपास समोर बसला होता तेव्हा तो मीठ मागत होता. त्याने मान खाली घातली आणि आमटी-भात कालवून पहिला घास घेतला. तीन दिवसांच्या रागात आज हौसाबाई मीठच विसरली होती.

"बरी झाली हा आमटी," तो म्हणाला. "वाढ आणखी."

हौसाबाईने आमटी मघाशीच चाखली होती, आणि रागात तिच्यात मीठ घातलं नव्हतं. तिने डावभर आणखी वाढली.