सात नंबरचा माईक

या, जरा पुढं सरकून बसा. भिंतीला टेकलात की डोळा लागतो, आणि या गोष्टीत भिंतीला टेकून झोपलेल्या एका मोठ्या माणसाची फजिती आहे. एक आख्यान सांगतो. देवाचं आहे, पण कॉम्प्युटरमधून आलेलं आहे.

कोरेगावजवळच्या एका गावात केरबाबुवांचं काल्याचं कीर्तन एकोणचाळीस वर्षं अखंड चाललं होतं. चाळिसाव्या वर्षी बुवांच्या गळ्याचं मिरजेत ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन महिने बोलणं बंद केलं. गाणं तर सोडाच. बुवांनी गळ्यात शाळेची पाटी अडकवली आणि लागेल ते खडूनं लिहू लागले. सप्ताह तोंडावर आलेला. समितीचा अध्यक्ष जयराज घरी येऊन म्हणाला, "बुवा, यंदा पुण्याचा तरणा महाराज आणतो. त्यो मोबाईलवर लय चालतोय. एकदा आला की दरवर्षी ईल."

त्या 'दरवर्षी'नं बुवांचा चेहरा पडला. नात अंकिता पुण्याला ध्वनिमुद्रणाचं काम शिकून आली होती. ती म्हणाली, "गेल्या वर्षीचं कीर्तन मुजीबभाईंनी आठ माईक लावून रेकॉर्ड केलंय की. तेच नीट करून वाजवू."

"गेल्या सालचंच?" जयराज म्हणाला.

बुवांच्या मंडळी चंद्राबाई आतून म्हणाल्या, "मग रामायण काय दर साली नवं असतंय व्हय रं? वाजवून तर बघा. न्हाई जमलं तर आण तुजा महाराज."

ठरलं. कीर्तन रंगलं तर बुवांची गादी राहील, नाहीतर पुण्याला जाईल.

मुजीबचा स्टुडिओ मिरजेत, वडिलांच्या तंबोऱ्याच्या कारखान्यामागं. दारात भोपळे वाळत पडलेले आणि आत कॉम्प्युटर. रेकॉर्डिंगमध्ये काटछाट हवीच होती. त्यात बुवांनी तेव्हाच्या सरपंचाला 'हाच सरपंच राहो' असा तीनदा आशीर्वाद दिला होता आणि तो सरपंच पुढच्या निवडणुकीत दणकून पडला होता. पण मुजीबच्या बहिणीचं, रुक्सारचं लग्न चार दिवसांवर.

"अंकिता, मला डोकं खाजवायला येळ न्हाई," मुजीब फोनवर म्हणाला. "प्रोजेक्ट पाठवतो, तूच कर."

इथं गाडं अडलं. मुजीबचं सॉफ्टवेअर एक, अंकिताचं दुसरं. दोन सॉफ्टवेअर म्हणजे दोन कीर्तनकारच म्हणा, एकाच्या हातची वही दुसऱ्याला वाचता येत नाही. अंकिताच्या लॅपटॉपनं फाईल उघडायला सपशेल नकार दिला. शेवटी एकेका माईकचा आवाज सुटा काढून पाठवायचा आणि इकडं एकावर एक रचायचा, असं ठरलं.

आठ फायली आल्या. अंकितानं रचल्या. आजोबांना शेजारी बसवून तिनं बटण दाबलं. बुवा 'रामकृष्ण हरी' म्हणायच्या आत मृदुंग आडवातिडवा धावत सुटला. पुढं तर कमालच झाली. बुवांनी विनोदाला सुरुवात केली नव्हती आणि माणसं खदखदून हसली. खरा विनोद झाला तेव्हा सभा चिडीचूप, फक्त कुणाचं तरी पोर रडलं.

बुवांनी पाटीवर लिहिलं, 'ह्ये माझ्या आधी मलाच हसत्यात.'

अंकितानं फोन लावला. "मुजीबभाई, मृदुंगाचा आणि माणसांचा माईक तुम्ही चार मिनिटं उशिरा सुरू केला होता ना? त्या फायली तिथूनच काढल्यात. इकडं सगळ्या एकाच वेळी सुरू होतायत. प्रत्येक फाईल शून्यापासून काढा. मध्ये मोकळी जागा असली तर असू दे."

"आगं हळदीत हाय मी! बरं, काढतो." पिवळ्या हातानं मुजीबनं 'सगळे ट्रॅक शून्यापासून' अशी खूण केली आणि आठही फायली पुन्हा पाठवल्या.

आता एक मागची गोष्ट सांगायला हवी. बुवांच्या मागं डाव्या अंगाला एकोणचाळीस वर्षं टाळ धरून उभे असायचे ते लालासाहेब, फौजेतून रिटायर झालेले हवालदार. गळा भसाडा. गेल्या वर्षी बुवा मिरजेला रेकॉर्डिंग ऐकायला गेले तेव्हा म्हणाले होते, "मुजीब, ह्या लालासाहेबाचा सात नंबरचा माईक बंद कर. टाळ बाकीच्या माईकात येत्यात की." मुजीबनं तो माईक न ऐकताच गप्प केला होता. पण असं गप्प केलेलं गप्पच राहील याचा हुकूम त्या सॉफ्टवेअरच्या वहीत असतो. सुट्या फायलींबरोबर तो हुकूम येत नाही, येतो नुसता कच्चा आवाज.

अंकितानं पहिली दहा मिनिटं ऐकली. सगळं जिथल्या तिथं. सरपंचाचा आशीर्वाद तेवढा तिनं हुडकून काढून टाकला. सात नंबरच्या फायलीत सुरुवातीला खणखणीत टाळ होते, म्हणून तिनं तिला 'टाळ' असं नाव दिलं.

बुवांनी समाधानानं मान डोलावली आणि पाटीवर लिहिलं, 'टाळ वाढव.'

अंकितानं टाळ वाढवला.

काल्याच्या दिवशी सकाळी देऊळ भरलं. नारदाच्या गादीवर स्पीकर ठेवला होता आणि कुणीतरी त्यालाच हार घातला होता. शिखरावर चार दिशांना चार कर्णे. बुवा फेटा बांधून खुर्चीत बसले, गळ्यात पाटी. लालासाहेब सवयीनं स्पीकरच्या मागं डाव्या अंगाला टाळ घेऊन उभे.

कीर्तन लागलं. नमन झालं, गजर झाला. माणसं डोलू लागली. जयराजसुद्धा टाळी वाजवू लागला. कर्ण्यातून बुवा म्हणाले, "तर मंडळी, गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या. कुणाची भाकर, कुणाचं लोणचं, आणि… आणि…"

"ताक, बुवा. ताक," कर्ण्यातून दुसराच भसाडा आवाज आला.

"आणि ताक!" बुवा गरजले.

सगळ्यांनी लालासाहेबांकडं पाहिलं. त्यांचं तोंड बंद होतं. हातातले टाळही बंद पडले.

"दुसरं चरण ऱ्हायलं, मागं या," कर्णा म्हणाला. मग, "उपरणं लेफ्टला घसरलंय." मग, "सोसायटीचा चेअरमन भिताडाला टेकून झोपलाय. गजर घ्या, मोठा!"

"विठ्ठल! विठ्ठल!" कर्ण्यातल्या बुवांनी अशी आरोळी ठोकली की यंदाही भिंतीला टेकून झोपलेले चेअरमन दचकून उठले आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवू लागले. बायका पदरात तोंड घालून हसू लागल्या.

"अंकिता, बंद कर गं!" लालासाहेब रडकुंडीला आले. "बुवांची अब्रू चालली!" ते वायर उपटायला धावले. मध्ये चंद्राबाई उभ्या राहिल्या.

"भावजी, हात लावू नगा. मला कवाचा संशय हुता. घरात ह्यांना चष्मा कुठं ठिवलाय ते आठवत न्हाई, आन् कीर्तनात शंभर ओव्या आठवत्यात व्हय?"

तेवढ्यात बुवांचं ते वाक्य आलं, जे गावाला पाठ होतं. "मंडळी, माझ्यापाशी वही न्हाई, कागद न्हाई. अडलो की पांडुरंग कानात सांगतो. एक दृष्टांत बघा. एका गावात एक… एक…"

"कुंभार," पांडुरंग म्हणाला.

"एक कुंभार होता!"

देवळात असा हशा उठला की शिखरावरची कबुतरं उडाली. आणि यावेळी तो बरोबर जागेवर आला होता. पण बुवा खुर्चीतून उठले. अंकितानं कीर्तन थांबवलं. लालासाहेब मान खाली घालून उभे, जणू कोर्टमार्शल आहे. बुवांनी खडू काढला, बराच वेळ लिहिलं आणि पाटी अंकितापुढं धरली. तिनं मोठ्यानं वाचलं:

"चाळीस वरसं इचार करतुया, पांडुरंगाच्या तोंडाला तंबाखूचा वास कसा?"

हसण्याचा लोट ओसरतो न ओसरतो तोच बुवांनी स्पीकरचा हार काढून लालासाहेबांच्या गळ्यात घातला, त्यांच्या कपाळाला बुक्का लावला आणि वाकून पायाला हात लावला.

"आवं बुवा, काय करताय ह्ये! पेन्शनर माणूस मी," लालासाहेब मागं सरकत म्हणाले. "तुमी इसरायचा, म्हून आपलं जरा…"

"फुडलं लाव गं, अंकिता!" चेअरमन ओरडले. आता त्यांची झोप पुरती उडाली होती. जयराजनं फोन काढला आणि पुण्याच्या महाराजांना सांगून टाकलं की आमची गादी भरलेली आहे. एकानं नव्हे, दोघांनी.

दहीहंडी फुटली, काल्याचा प्रसाद वाटून झाला आणि अंकिताचा फोन वाजला. मागं सनई, भांड्यांचा आवाज.

"अंकिता, ऐक! आत्ता बिर्याणी वाढताना आठवलं. सात नंबरचा माईक बंद ठेवायचा हाय, सांगायचं ऱ्हायलं बघ!"

"मुजीबभाई," ती म्हणाली, "तो आता जन्मात बंद होणार नाही."

तर मंडळी, एवढंच मागणं. कधी कीर्तनाला गेलात आणि बुवांच्या तोंडून ओव्यांचा लोंढा धबाधबा वाहू लागला, तर हात बुवांना जोडा. पण नजर जरा मागं डावीकडं टाका. तिथं कुणीतरी ओठ न हलवता काही पुटपुटत असेल. त्याला पाहून आमच्या लालासाहेब हवालदारांची आठवण काढा.