खोली क्रमांक दोनशे चौदाची सून

माणसाला कुटुंब लागतं हे सत्य फार जुनं आहे. ते कंपनीने पुरवावं, ही सुधारणा मात्र अलीकडची. पाणी कंपनीचं, गादी कंपनीची, हेल्मेट, बूट, चष्मा कंपनीचा. मग एवढी एकच वस्तू कामगाराने गावाहून आणावी (किंवा तिथेच ठेवून यावी), यात कुठेतरी हेळसांड होत होती. सौदीतल्या जिझानच्या रिफायनरी कॅम्पात ती एक डिसेंबरला दूर झाली.

त्या दिवशी जेवणघराच्या दारावर परिपत्रक लागलं. ते मुख्य कचेरीतून आलं होतं, आणि मुख्य कचेरी अशा देशात आहे जिथे डिसेंबरात बर्फ पडतो. मजकूर असा: ‘सर्व कर्मचाऱ्यांनी हिवाळी सुट्टीचा मोसम कुटुंबासमवेत, हस्तकला करीत व घरगुती गोडधोड खात आनंदात घालवावा. आनंदाचे परीक्षण सहा जानेवारीस होईल.’ सोबत प्रत्येक खोलीला एक खोकं: पुठ्ठा, डिंक, रंगीत कागद आणि बर्फ म्हणून अर्धा किलो कापूस. बाहेर एकोणतीस डिग्री होतं. (सुट्टीही नव्हती. पण जे परिपत्रकात नाही त्याची चौकशी कॅम्पात कोणी करीत नाही.)

अडचण एकच होती. कॅम्पात पुरुष अकराशे साठ, बायका आणि पोरंबाळं शून्य. दुसरा कोणी अधिकारी असता तर डोक्याला हात लावून बसला असता; परंतु श्रीकांत सर कल्याण अधिकारी होते आणि कल्याण करायचं म्हटलं की त्यांना हुरूप यायचा. त्यांनी हिशेब मांडला: एका खोलीत माणसं सहा, सहा माणसांचं एक कुटुंब होतं, म्हणून कॅम्पात कुटुंबं आहेतच, फक्त कोण कोणाचं कोण, एवढंच कळवायचं राहून गेलंय. ते त्यांनी दुपारच्या चहाआधी कळवलं.

खोली क्रमांक २१४ ची यादी येणेप्रमाणे:

आजी: भाऊसाहेब, फोरमन, वय छप्पन्न, मुक्काम संगमेश्वर.
वडील: नीलेश, इलेक्ट्रिशियन, अविवाहित (अनुभवाची अट नव्हती).
आत्या: उमैर, स्कॅफोल्डिंगवाला, मुलतानचा.
जुळी मुलं: दोन नेपाळी पाइप फिटर, वय अनुक्रमे एकेचाळीस व सव्वीस.
सून, म्हणजेच जुळ्यांची आई: वैभव, वेल्डर, गुहागरकडचा. खोलीत सर्वांत शेवटी आला म्हणून.

वैभव एकोणतीस वर्षांचा. संध्याकाळी कामावरून आला तो बघतो तर दारावर त्याच्या नावापुढे हे लिहिलेलं. त्याचा थोरला मुलगा आत बसून दाढी करीत होता.

“या सूनबाई,” भाऊसाहेब पलंगावरून म्हणाले. “उंबरठ्यावर माप ओलांडून या. माप नाहीये, तो बूट ओलांडा.”

“भाऊ, थट्टा पुरे हां.”

“सासूला भाऊ म्हणतंस मेल्या? संस्कार आहेत की नाही?”

वैभव यादीखाली चिकटवलेल्या परिपत्रकाची शेवटची ओळ वाचत होता. इतरांनी ती एकदा वाचली होती. त्याने तीनदा वाचली. ‘विजेत्या कुटुंबास दहा दिवसांची जादा रजा व जाण्यायेण्याचे विमान तिकीट.’

त्याला इथे येऊन चौदा महिने झाले होते आणि त्याची मुलगी दहा महिन्यांची होती. यातून कोणालाही वजाबाकी करता येईल. अहिल्येला त्याने हातात घेतलेलं नव्हतं. काचेतून पाहिलं होतं, तेही नेटवर्क असेल तेव्हा. कराराप्रमाणे रजा दोन वर्षांनी. आणि या संक्रांतीला तिचं पहिलं बोरन्हाण होतं. लेकराला पाटावर बसवायचं, अंगावर हलव्याचे दागिने घालायचे, डोक्यावरून बोरं, कुरमुरे, हलवा ओतायचा, आणि आळीतल्या पोरांनी ते वेचताना घातलेला गोंधळ बघायचा. एवढंच, पण ते पहिलं एकदाच होतं.

“तिकीट आलं तर,” नीलेश म्हणाला, “ते वैभवचं. कोणाची ना आहे का?”

कोणाची नव्हती. आत्यानेही हात वर केला. अशा रीतीने एक डिसेंबरला, सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, खोली क्रमांक २१४ मध्ये काही क्षण खरोखरच कुटुंब होतं. (याचे गुण मिळाले नाहीत, परीक्षण सहा जानेवारीस होतं.)

हस्तकला कोणती, यावर वाद झाला नाही. यादीप्रमाणे लग्न एक डिसेंबरला झालेलं, म्हणजे ही सुनेची पहिली संक्रांत, म्हणजे सुनेला हलव्याचे दागिने हवेत. शिवाय हलवा हे गोडधोडही आहे. एका दगडात दोन रकाने. माप मात्र वैभवने गुहागरहून मागवलं.

“अहो, दोऱ्यानं घेतलं,” त्याची बायको स्वप्नाली फोनवर म्हणाली. “पण ती दोरा खाते. मनगट सव्वाचार इंच. डोकं काही मोजू देत नाही, मामंजींच्या टोपीवरनं अंदाज घेतलाय.”

“टोपीवरनं कसला अंदाज?”

“टोपीत ती बसते अख्खी. तेवढी आहे म्हणजे.” मग जरा थांबून, “सैलच करा थोडं. तुमचं नक्की होईपर्यंत वाढेल.”

आता नियमांकडे वळू. कॅम्पात खोलीत स्वयंपाकास सक्त मनाई आहे, दंडही आहे. दुसरीकडे घरगुती गोडधोड अनिवार्य. हा पेच श्रीकांत सरांनी ज्या चातुर्याने सोडवला त्याला तोड नाही. हलवा हा स्वयंपाक नसून ‘उष्णता वापरून केलेली हस्तकला’ आहे असा त्यांनी निर्णय दिला, आणि रिफायनरीत उष्णतेच्या प्रत्येक कामाला लागतो तो हॉट वर्क परमिट काढायला सांगितला. त्यामुळे दर शुक्रवारी, एक वाटी तिळासाठी, पुढील पूर्तता होऊ लागली: तीन प्रतींत अर्ज; खोलीतील हवेत स्फोटक वायू नसल्याची तपासणी; पाच मीटरच्या आतील ज्वालाग्राही वस्तू हलवणं (बर्फ प्रथम हलवण्यात आला); आणि हातात अग्निशामक नळकांडं घेऊन सतत उभा राहणारा एक पहारेकरी. पहाऱ्याला आत्या होती.

“मेरी अम्मी हलवा बनाती है तो आधा घंटा लगता है,” उमैर तिसऱ्या तासाला म्हणाला. “सूजी, घी, चीनी, खलास. ये कौन सा हलवा है, भाभी?”

हा वेगळा हलवा होता. यात घाई केली की तीळ जळतात आणि आळस केला की गोळा होतो. परातीत तीळ, खाली धग जेमतेम, चमच्याने पाक थेंब थेंब सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी फिरवत राहायचं. दिवसामागून दिवस. मग एखाद्या सकाळी तिळावर काटा उठतो. वैभवचा हात या कामाला जन्मलेला होता. पाइपच्या सांध्यात श्वास रोखून वितळता थेंब भरणाऱ्या माणसाला साखरेचा थेंब काय जड? पण काट्याला कोरडी थंडी लागते, आणि जिझानची हवा ओल्या टॉवेलासारखी अंगाला चिकटते. पहिला घाणा विरघळला. दुसरा विरघळला. तिसऱ्याची जुळ्यांनी चिक्की म्हणून वाट लावली.

तेव्हा वडिलांनी हिवाळा बनवायला घेतला. नीलेशने एसी सोळावर नेला, खिडक्यांच्या फटी हस्तकलेच्या डिंकाने बुजवल्या, आणि दर शुक्रवारी बाहेर तीसच्या उन्हात लोक गंजिफ्रॉकवर हिंडत असताना दोनशे चौदात सहा पुरुष कांबळी पांघरून, दात वाजवत, एका परातीभोवती बसू लागले. सासूने सुनेच्या खांद्यावर स्वतःचं कांबळं टाकलं. बोटं थांबू नयेत म्हणून भाऊसाहेब ओवी म्हणत. त्यांची आई दळताना जुळवायची. तिचं अंगात उतरलेलं. आवाज घोगरा, पण ताल पक्का:

तिळा तिळानं गं वाढे, हलवा परातीत
तान्ही माझी गं वाढते, पल्याड मुलखात

“अब्बा क्या गा रहे हैं?” उमैरने विचारलं.

“अब्बा नहीं, दादी,” नीलेश म्हणाला. वैभवने पाकात नाक शिंकरलं नाही, एवढी नोंद पुरे.

पाचव्या शुक्रवारी काटा आला. पांढरा, नाजूक, बोट लावलं तर टोचेल असा. पांढऱ्या टेफ्लॉन टेपवर तांब्याच्या तारेने गुंफून दागिने झाले: मुकुट एक, हार एक, बाजूबंद दोन, बांगड्या चार, कंबरपट्टा एक, वाळे दोन. सगळे मिळून वैभवच्या एका तळहातावर मावत नव्हते, दोन तळहातांवर मावत होते.

सहा जानेवारीला परीक्षण झालं. शंभर गुण: एकोपा चाळीस, हस्तकला तीस, गोडधोड वीस, हास्य दहा (व्हरांड्यात तीन खोल्यांपर्यंत ऐकू यावं). छातीवर नात्यांचे बिल्ले लावून सगळे रांगेत उभे राहिले. सुनेने सेफ्टी बुटांत वाकून सासूला नमस्कार केला. सासूने “अष्टपुत्रा सौभाग्यवती हो” म्हटलं. दोन आधीच उपस्थित असल्याने सहा शिल्लक धरण्यात आले.

“भाभी, जरा हसो,” उमैर पुटपुटला, “नंबर कटेगा.”

“हे दागिने सुनेला होतात का?” श्रीकांत सरांनी विचारलं.

मुकुट वैभवच्या हेल्मेटच्या टोकावर बसला. बांगडी त्याच्या अंगठ्यात गेली. सरांनी थोडा विचार करून शेरा मारला: ‘दागिने उत्कृष्ट. दरम्यान सुनेचे वजन वाढले आहे. सासरी सुखात असल्याचे लक्षण. अधिक पाच.’

निकाल आठ तारखेला लागला. दोनशे चौदा पहिली. शेवटून पहिली खोली क्रमांक ११८. तिच्यात एक बाप आणि त्याचा खराखुरा मुलगा राहत, ते परीक्षणाच्या वेळी बादलीवरून भांडत होते. शेरा: ‘कुटुंब वाटत नाही.’

वैभव धावतच कचेरीत गेला. मागोमाग घरातली सगळी.

“अभिनंदन,” श्रीकांत सर म्हणाले. “दहा दिवस रजा मंजूर. पण सहाजण एकदम सोडता येणार नाहीत, शटडाउनचं काम आहे, प्लान्ट बंद आहे तोवरच दुरुस्ती उरकायची.”

“सहा नाही सर, मी एकटाच. सगळ्यांची संमती आहे. चौदाला मुलीचं बोरन्हाण आहे.”

सरांच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख उमटलं. “वैभव, बक्षीस कुटुंबाला आहे. एकोप्याला चाळीसपैकी चाळीस पडलेत तुम्हाला. आता तुलाच एकट्याला पाठवलं तर मी काय केलं म्हणतील? कुटुंब तोडलं. कलम अकरा बघ: ‘कुटुंबाची ताटातूट होईल असे काहीही करू नये.’ मुख्य कचेरी याबाबतीत फार हळवी आहे.”

“मग रजा?”

“खोलीत घ्या की. सगळे मिळून. ड्यूटी संपल्यावर.”

मग भाऊसाहेब पुढे झाले. छप्पन्न वर्षांच्या त्या फोरमनने पदर असता तर सावरला असता.

“साहेब, मी हिची सासू. पहिल्या सणाला सून माहेरी पाठवायची आमच्यात रीत आहे. ताटातूट नव्हे ही. माहेरपण आहे. लिहून देतो.”

“बराबर है सर,” आत्या म्हणाली. “हमारे यहाँ भी है.”

आणि त्यांनी खरंच लिहून दिलं, तीन प्रतींत. खाली सहा सह्या. श्रीकांत सरांनी अर्ज दोनदा वाचला; त्यांना तो मनापासून पटला. इतका पटला की त्यांनी मुख्य कचेरीला फोन लावला, तास घालवला, वैभवच्या बाजूने आवाजही चढवला. अकरा तारखेला लेखी उत्तर आलं, ते असं: ‘सुनेला माहेरी पाठविण्याची विनंती सहानुभूतिपूर्वक मान्य करण्यात येत आहे. माहेर कॅम्पच्या हद्दीत असावे. खोली क्रमांक ११८ मध्ये एक खाट रिकामी असल्याने ती सुनेचे माहेर म्हणून घोषित करण्यात येते. कालावधी दहा दिवस. गादी सोबत न्यावी.’

बारा तारखेला वैभव गादी घेऊन माहेरी गेला. बाप आणि मुलगा, दोघांनी बादलीवरचं भांडण थांबवून त्याला जागा करून दिली.

दागिने कंपनीच्या स्वागतकक्षात काचेमागे ठेवले गेले (एसी कंपनीचा, सबब काटाही कंपनीचा). परीक्षणाच्या वेळचा फोटो मात्र कंपनीने आपल्या पानावर टाकला: हेल्मेटवर मुकुट घातलेली सून, बाजूला हसणारं कुटुंब, वर ‘कुटुंब म्हणजेच सर्व काही’. तीन दिवसांत तो एकवीस हजार लोकांना आवडला. चौदा तारखेला बोरन्हाणाच्या गडबडीत तो कोणाकोणाच्या मोबाइलवरून गुहागरला पोचला. स्वप्नालीने तो पाटावर बसलेल्या लेकीसमोर धरला. “बाबा कुठेत? दाखव बरं.” अहिल्येने नीट निरखून पाहिलं आणि नीलेशवर बोट ठेवलं. सगळ्यांत पुढे तो होता, ‘वडील’ हा बिल्लाही त्याचाच होता.

हा फोटो तुम्हालाही आला होता. आठवत नसेल; संक्रांतीचा दिवस, त्या सकाळी बरेच आले. तुम्ही तो पाहिलात, “बिचारे, घरापासून किती लांब” म्हणालात, आणि घरच्या ग्रुपवर पुढे पाठवलात. भिंतीपलीकडच्या खोलीतून तुमच्या मुलीचा अंगठा आला. तिच्याकडे जायला तुम्हाला विमान लागत नाही, परमुलखात राहायचा इकामा लागत नाही, तीन प्रतींत अर्ज लागत नाही. तुम्ही उलट एक अंगठा पाठवलात.