तात्यांचा निळा धागा

तात्या कंपाउंडरांना मी एका बाटलीने फसवलं आणि वर चारचौघांत त्यांना 'लघवीचे ज्योतिषी' म्हणालो. दोन्ही गोष्टी भीतीपोटी केल्या. निदान लिहिताना तरी हे लपवत नाही.

शुक्रवार पेठेत आमच्या समोर राहणारे तात्या दवाखान्यातून निवृत्त झाले होते, संशयातून नव्हे. त्यांच्याकडे पाणी मागितलं की ते तांब्या देत आणि पिणाऱ्याच्या गळ्याकडे बघत राहत. दुसरा तांब्या मागितला की संपलंच. "तहान लई दिसतीय की! रात्री उठावं लागतं का?" लग्नात सगळे नवरा-नवरीकडे बघत, तात्या पंगतीत पाणी वाढणाऱ्याच्या मागे फिरत. कुणाच्या मोरीला मुंग्या लागल्या हे घरच्यांच्या आधी त्यांना कळे.

घरी त्यांनी स्पिरिटचा दिवा, काचेची नळी आणि एक निळं औषध ठेवलं होतं. त्या औषधात लघवीचे थेंब टाकून उकळले की साखर असेल तसा रंग फिरे. तो ताडून बघायला तात्यांनी ओळखीच्या रंगाऱ्याकडून पाच धागे रंगवून आणून खिळ्याला टांगले होते. निळा म्हणजे साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी. तात्या माणसाचं नाव विसरत, धागा विसरत नसत. "ते कोपऱ्यावरचे पिवळे वकील. काल पेढा खाताना धरले की त्यांना!"

निळ्या माणसाचीही सुटका नसे. "साखर सगळ्यांच्याच रक्तात असते," तात्या बजावत. "घागर भरून सांडली तरच अंगण ओलं होतं. अंगण कोरडं आहे म्हणून निजू नका. दिवाळीचे लाडू झाले की परत या."

त्या वर्षी माझी तहान वाढली होती. वर्गात खडूशेजारी तांब्या असे. टाचेची भेग भरत नव्हती. तात्यांनी ती ओट्यावरूनच हेरली. "मास्तर, जोडा घालण्याआधी पाय बघत जा. साखर असली की खडा टोचलेला कळत नाही. पाय आधी मुका होतो, मग काळा." आणि त्यांनी माझ्या हातात रिकामी बाटली ठेवली.

मला विटकरी ठरायचं नव्हतं. मुलीचं लग्न ठरत होतं आणि तात्यांचा धागा म्हणजे पेठभर बभ्रा. नेमके त्याच दिवशी बहिणीचे यजमान, आमचे दाजी, दुधनीहून आले होते. मेंढरांमागे उन्हातान्हात फिरणारा ठणठणीत गडी. मी बाटली त्यांच्यापुढे केली.

"काय बी मागता तुमी मास्तर!" दाजी म्हणाले. "आमच्याकडं पावन्याला पान देत्यात की. हितं बाटली व्हय?"

पण हसत हसत भरून दिली.

तात्यांनी नळी उकळली. निळी. पुन्हा उकळली. तरी निळीच. ते एकदा माझ्या टाचेकडे बघत, एकदा नळीकडे.

"मास्तर, ही तुमचीच ना?"

संशय इतका नेमका होता की मला चिडणंच भाग होतं. ओट्यावर चार माणसं बसली होती. "लोकांच्या मोऱ्या हुंगत फिरता, आता खोटंही ठरवता? लघवीचे ज्योतिषी!" मी ओरडलो. माणसं पोट धरून हसली. तात्यांनी फुंकर घालून दिवा विझवला.

त्यानंतर पाणी मागितलं की तात्या नुसतं पाणी देऊ लागले. भिंतीवर रिकामा खिळा राहिला.

पुढे माझी टाच चिघळली, मग पाऊल, आणि शेवटी पायाचा अंगठा काढावा लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं. "साखर जुनी आहे," ते म्हणाले. "कुणालाच कशी शंका आली नाही?"

काठीने चालता येऊ लागलं तसा तात्यांकडे गेलो. या खेपेला माझी स्वतःची बाटली घेऊन. त्यांनी माझ्या पायाचं फडकं पाहिलं आणि मी तोंड उघडण्याआधीच म्हणाले, "माझंच चुकलं, मास्तर. औषध नासलं होतं, नाहीतर डोळे गेले माझे. जगावर संशय घेतला, स्वतःवर घेतला नाही. हिच्या वेळीही असंच झालं."

ही म्हणजे त्यांची बायको. पाणी पिऊन पिऊन ती वाळत चालली होती. तात्यांनी तपासलं, रंग निळाच आला, ते निश्चिंत झाले. मग एका सकाळी ती झोपेतून उठलीच नाही. तेव्हापासून तात्या पेठेतले तांबे मोजत होते.

"तात्या, औषध चांगलं होतं," मी म्हणालो. "ती बाटली माझी नव्हती. दाजींची होती."

तात्या खाटेवर बसले. रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बाटली दिली तेव्हा लई लाजली होती हो ती. सुनेला बरोबर घेऊन मोरीत गेली..." मग त्यांनी विचारलं, "मास्तर, तिनंही दुसऱ्याचीच दिली असेल का?"

मी काठी भिंतीला टेकवली आणि जमेल तसं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"तिचं मला ठाऊक नाही, तात्या. मी मात्र भिऊन दिली. तुमच्या डोळ्यांत काही खोट नव्हती. मला क्षमा करा."