चार बोटांच्या चुकीची मोहीम

दफ्तरांत लिहिलें गेलें तें एक आणि घडलें तें भलतेंच, म्हणोन घडलें तें यथास्थित नमूद करणें प्राप्त जाहलें.

शिवणकाम करणाऱ्या एका वृद्ध बाईंचे यकृतांत गाठ उत्पन्न जाहली. यकृतांत शिरणारी मोठी शीर आणि बाहेर पडणारी शीर, यांच्या दाबांतील फरक दहाच्या आंत असेल तरच गाठ कापूं, एरवीं रक्त आवरणार नाहीं, ऐसा सर्जनसाहेबांचा हुकूम. मग ही कामगिरी दुर्बीणबहाद्दर बडे डॉक्टर यांजकडे सोंपविली. हजरत आठ पाहुणे डॉक्टर आणि एक छायाचित्रकार यांचा लवाजमा घेवोन, केस ताजे काळे करोन दाखल जाहले. सारा सरंजाम मात्र सिस्टरने एकटीने मांडिला होता; दाब मोजणारा मीटरही बाईंच्या छातीच्या पातळीस तिनेच लाविला होता.

गुंगीपूर्वीं बाईंनी तिचा हात धरिला. "माझी सुई चाळीस वर्षांत कुणाला टोचली नाही. तुमच्या साहेबांचं कसं?"

"मी आहे ना इथे," सिस्टर बोलोन गेली.

दुर्बीण मुखावाटे जठरांत उतरली, ध्वनिलहरींनी पडद्यावर शिरा दाखविल्या, आणि जठराची भिंत भेदोन बारीक सुई बाहेर पडणाऱ्या शिरेंत पोहोंचली. दाब सात. मग सुई मोठ्या शिरेंत शिरली, इतक्यांत छायाचित्रकाराने अर्ज केला कीं, मीटर साहेबांच्या मुखकमलाआड येतो. आणि साहेबांनी मीटर खालीं घेण्याचें फर्मान काढिलें. दाब एकोणीस. फरक बारा. ऑपरेशन होणें नाहीं ऐसा निवाडा जाहला, आणि पाहुण्यांनी समजल्यासारख्या माना डोलाविल्या.

सिस्टरने पाहिलें, मीटर बाईंच्या छातीच्या पातळीहून चार बोटें खालीं. बोलावें तर नोकरीवर गदा, न बोलावें तर बाई हातच्या जातात.

"सर, मीटर खाली आलाय. म्हणून आकडा वाढलाय."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

"नाही सर. मी फक्त वर धरते."

आणि धरिला. तेरा. तीनदां मोजिलें, तीनदां तेरा. फरक सहा. हजरत खोकले आणि, आपणांस ही शंका प्रथमपासोनच होती, ऐसें पाहुण्यांस कळविते जाहले.

आठवे दिवशीं गाठ सुखरूप निघाली, बडे डॉक्टरांचा सत्कार जाहला, आणि सिस्टरला उद्धट वर्तनाचा खुलासा मागणारा कागद आला. तिने उत्तर लिहिलें तें येणेंप्रमाणें: "फरक बारा नव्हता, सहा होता. कळावे."

फत्तेची खरी नोंद ती हीच.