काळबांडे वकिलांची फसवणूक

सिंदीत कोणी कोणाला ‘चारशे वीस’ म्हटलं की काळबांडे वकील चालता चालता थांबत. शिवीचं त्यांना काही वाटत नसे. कायद्याची दफा, म्हणजे कलम, चुकीची लागली तर मात्र जेवण गोड लागत नसे.

एकदा बाजारात माझं टरबूज आतून पांढरं निघालं. मी विकणाऱ्याला लबाड म्हणालो. वकील मागेच उभे होते.

“गुरुजी, विकताना त्याले माहीत होतं का?”

मी म्हणालो, टरबुजाच्या आत कोण पाहतं?

“मंग त्याची नियत केव्हा बिघडली?”

हा त्यांचा लाडका प्रश्न. फसवणुकीत नियत सुरुवातीपासून खोटी लागते, मागाहून बिघडलेली चालत नाही, हे त्यांनी भर बाजारात अर्धं टरबूज हातात धरून मला समजावलं. तेवढ्यात टरबूजवाला छकडा जुंपून निघून गेला.

आम्ही शेजारी, त्यामुळे घरचेही सुटत नसत. माझा मेहुणा दिवाळीला येतो म्हणाला आणि आला नाही, तर माझ्या बायकोची उलटतपासणी झाली: येतो म्हणाला तेव्हाच न येण्याचं ठरवलं होतं का? एक पाटील तक्रार घेऊन आले, जावई मॅट्रिक सांगितला आणि सातवी नापास निघाला. “चारशे वीसले मालमत्ता हातची जावं लागते,” वकील म्हणाले. “पोरगी मालमत्ता नोय.” पाटील रागाने उठले. त्यांच्यासोबत आलेली, मागे उभी असलेली पोरगी मात्र हसली.

घरी वकील एकटेच. पत्नी सुमनबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आणीबाणी उठली त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गजानन नावाचा पंचविशीतला माणूस येऊ लागला. राहणारा आष्टीचा, सुमनबाईंच्या मामेबहिणीचा मुलगा म्हणे. बाजाराच्या दिवशी यायचा, ‘मावसाजी’ म्हणत पाया पडायचा, पोटभर जेवायचा आणि जाताना काहीतरी घेऊन जायचा. कधी संत्री, कधी वकिलांचा जुना कोट. एकदा तर सुमनबाईंचा पितळी डबा.

डबा गेला तेव्हा मला राहवलं नाही. एका लग्नासाठी आष्टीला गेलो होतो, तिथे चौकशी केली. सुमनबाईंच्या नात्यातलं कोणीही त्या गावात कधी राहिलेलं नव्हतं.

परत आलो तो थेट वकिलांकडे, आणि त्यांच्याच पद्धतीने खटला मांडला. माणूस खोटं बोलला. नियत पहिल्या दिवसापासून खोटी. त्यावर विश्वास ठेवून तुम्ही वस्तू दिल्या. तुमचं नुकसान झालं.

वकिलांनी सगळं नीट ऐकलं, चष्मा पुसला.

“विश्वास ठेवला म्हणता, तेथीच तुमचा खटला पडते गुरुजी.”

सुमनबाईंना एकच मामा होता आणि तो बिनलग्नाचा गेला, हे त्यांना ठाऊकच होतं. मामेबहीण कुठून येणार? जो मुळात फसलाच नाही, त्याची फसवणूक झाली असं कायदा म्हणत नाही.

मग त्याला घरात घेता कशाला, मी विचारलं.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “तो आला की इचारते, मावशी कशी होती, काय रांधे, कोणावर चिडे. मंग मी सांगत बसतो. बाकी कोणी आता सुमनचं नाव काहाडत नाई. तुमी बी नाई काहाडत.”



पुढच्या बाजाराला त्यांनी मलाही जेवायला बोलावलं. गजानन पानावर बसला होता. कोणीतरी आष्टीत विचारपूस करून गेल्याचं त्याच्या कानावर आलं असावं. मला पाहिलं आणि त्याचा घास हातातच राहिला. थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाला, “मावशीनं मले लहानपणी पाह्यलं होतं का, मावसाजी?”

वकील भाताचं पातेलं घेऊन वाकले होते.

“पाह्यलं म्हंजे? तुह्या बारशाले गेलती तुही मावशी. झबलं तिनंच शिवलं होतं.”

गजानन त्यांच्याकडे पाहत राहिला. वकिलांनी त्याच्या पानात भात वाढला, वर वरण घातलं. मग त्याने मान खाली घातली आणि हळूच विचारलं,

“कोणत्या रंगाचं, मावसाजी?”